अण्णांची फ्लॉपी आणि पाच अनोळखी उत्तरं

हॅलो? … हॅलो, पंढरी? मी चित्रा, कोपरहून. … अरे मघाशी लावला तर नुसती शिट्टी ऐकू आली! … कॉम्प्युटरने उचललेला? बरं, आता तूच आहेस ना?

ऐक ना. माझी फ्लॉपी उघडत नाही, हा प्रश्न तू तुझ्या त्या फोनवरून चालणाऱ्या कॉम्प्युटर-बोर्डावर टाकलेलास ना… हो, उत्तरं आली त्याची प्रिंट मिळाली. समोरच आहे. पाच आहेत रे, आणि पाच जणांची पाच तोंडं!

बडोद्याचा म्हणतो, फ्लॉपी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. … ठेवली ना! टोमॅटोच्या शेजारी. … हसू नकोस. पुण्याचा म्हणतो, चेकडिस्क नावाचा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा. आणि खाली तिसरा लिहितो, "अजिबात करू नका, होतं नव्हतं ते जाईल." अरे, काय करू नको? फ्रिज की चेकडिस्क?

… म्हणजे? ज्याचा कॉम्प्युटर तुझ्या कॉम्प्युटरला आधी फोन लावेल त्याचं उत्तर आधी? मग वरचं खाली, खालचं वर! … चौथं तर माझं नाहीच, कुणाच्या तरी प्रिंटरच्या रिबिनीचं आहे.

पण मग या सगळ्यांचा मुख्य कोण? … कोणीच नाही? … तूही नाहीस? कमाल आहे बाबा! मग विचारायचं कुणाला?

… नाही, एन्टर दाबलं नाही. चेकडिस्क टाइप करून तशीच बसलेय.

अरे दुसरी कॉपी असती तर तुला कशाला छळलं असतं? … हो, चूक माझीच. एवढी टायपिस्ट मी, ऑफिसच्या प्रत्येक पत्राच्या तीन-तीन कॉप्या काढते, आणि घरच्या कामाची एकसुद्धा नाही.

… पुन्हा कसं लिहून घेऊ? पंढरी, अण्णांची वाचा गेलीय रे. झटका आल्यापासून एक शब्द नाही. त्याआधी आठ महिने रोज संध्याकाळी सांगत होते, मी टाइप करत होते. आजीची गाणी आहेत त्यात, सगळीच्या सगळी. आता ती कुणालाच येत नाहीत. … नाही, रडत नाहीये. … थांब जरा. … हां, बोल.

पाचवं? नागपूरचे सीताराम म्हणून कुणी आहेत. लिहितात, "ताई, कशालाच हात लावू नका. माझी अशीच फ्लॉपी मी वाचवलेली आहे. कृती सविस्तर पाठवतो." बस, एवढंच. कृती कुठाय? … आज येणार? कधी? … नऊला? अरे, साडेनऊ होत आले!

… काय? … लाइन एकच आहे? म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर तुझ्याकडे फोन लावतोय आणि मी इथे… अरे देवा. अर्धा तास? मग बोलला का नाहीस, शहाण्या!

… मी रडत होते म्हणून?

… वेडा आहेस तू पंढरी. ठेव. आधी ठेव फोन! … नाही, मी काहीच दाबत नाही. … हो, अण्णांना सांगते. ठेवते मी, ठेवते.