मैनाबाईची राळ

तुम्ही हसाल, पण माझा डोंगर एकदा भर वर्गात चालायला लागला होता. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मी रोहण्याच्या शाळेत हस्तकला शिकवायची. पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर मेण ओतायचं, त्यात रंगीत सूत बसवून चित्र करायचं, हे माझं नवं खूळ. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला प्रदर्शन, आणि उन्हानं मेण पातळ होऊन हिरव्या सुताचा डोंगर खाली सरकत होता. मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात जंगलातून मेण आणून देणारी मैनाबाई आली. चित्र पाहून म्हणाली, "बाई, तुमचा डोंगर कुठं चालून राह्यला?"

"उन्हानं वितळलं हो. आता काय करू?"

"यात राळ काऊन नाई टाकली?"

तिनं आपल्या पिशवीतली राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, काढली आणि मेण वितळवायच्या चुलीवर मेणात कालवली. ते मेण पुठ्ठ्यावर ओतून मी सूत पुन्हा बसवलं. चित्र घट्ट झालं.

प्रदर्शनाला मी तिलाही नेलं. एका साहेबांनी विचारलं, "ही कला कुठं शिकलात?"

मी मैनाबाईकडे बोट दाखवलं. साहेबांनी तिला हात जोडले.

ती गोंधळली. "मले कुठली कला येते, साहेब? आमी त असं फुटकं मडकं बुजवतो!"