भिंतीपलीकडचा हलका कण

...नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा! पण तुम्हाला सांगतो, सहा वर्षं मी जो कण शोधतोय ना, तो मुळात आहे की नाही, ठाऊक नाही! अहो, हरवलेला चष्मा शोधताना निदान चष्मा तरी असतो हो!

काम काय? तर त्वरक नावाच्या अवाढव्य यंत्रातून कण सुसाट सोडायचे, ते लोखंडाच्या दहा हात जाड ठोकळ्यावर आदळून तिथेच जिरणार... आणि त्यातून एखादा नवा, अगदी हलका कण जन्मून आरपार निसटलाच, तर पलीकडे तो फुटणार आणि माझ्या यंत्रात प्रकाशाच्या दोन ठिणग्या एकदम उमटणार. निसटला तर! आहे की नाही, ठाऊक नाही!

त्यात नियम असा, की जमलेल्या नोंदी बघायच्याच नाहीत! सहा वर्षं कुलूपबंद! का? तर आमचे साहेब नाकातून म्हणतात, "आधी बघितलं की माणसाला हवं तेच दिसतं." घरी सासूबाई विचारतात, "जावईबापू, सापडलं का?" "अजून बघितलं नाही." "मग रोज जाता कशाला?" ...मी आपला डबा उचलतो आणि निघतो!

परवा कुलूप उघडलं. त्याच आठवड्यात माझा करार संपत होता, बायकोने सामान भरायला खोकी आणलेली! आणि पडद्यावर... एक नोंद! दोन ठिणग्या, एकदम! साठीचे साहेब टेबलावर चढले हो! "सापडला! सापडला!" मी लगेच घरी फोन! सासूबाई म्हणतात, "दिसायला कसा आहे?"

तेवढ्यात माझी नजर नोंदीच्या वेळेकडे गेली. गेल्या महिन्यातला मंगळवार, दुपारचे तीन. त्या दुपारी यंत्र तपासायला मीच तशाच दोन ठिणग्या पाडणारा चाचणीचा दिवा लावला होता, आणि वहीत 'चाचणी चालू' लिहायला विसरलो होतो! कण कसला डोंबलाचा, मी होतो तो, मी! गप्प बसलो तर नोकरी पक्की. पण साहेबांच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि राहवेना. म्हटलं, "साहेब... तो दिवा." साहेब खुर्चीचा आधार घेत हळूहळू खाली उतरले. फार वाईट वाटलं हो.

मी खोकी भरायला घेतली, तर वरच्या समितीचं पत्र! "अभिनंदन! इतक्या कसोशीने काहीही न सापडणं ही मोठी कामगिरी आहे. दुप्पट जाड ठोकळा लावून आणखी सहा वर्षं शोधावं. करार वाढवला आहे." म्हणजे पुन्हा तेच! आहे की नाही, ठाऊक नाही!

सासूबाईंना सांगितलं. जरा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे सापडला नाही, म्हणून नोकरी राहिली?"

"हो."

"मग आता चुकून दिसलाच, तर माझ्या धाकट्या नातीचं शिक्षण होईपर्यंत कुणाला बोलू नका!"

...आणि काय सांगू तुम्हाला, मी "बरं" म्हणालो.