तात्यांचा राहिलेला सीन

चहा जरा कडक सांगा रे. आमच्या कॉलेजच्या पोरांच्या शॉर्टफिल्मच्या स्पर्धेचा कार्यक्रम कालच उरकला, अंगात जीव राहिला नाही.

म्हातारा बाप हवा असला की आमची पोरं कागलच्या तात्यांनाच धरतात. एसटीतून रिटायर झालेले, मिशी झकास, आणि कधीही बोलवा, मोकळे. आणि बापाला शेवटी मारल्याशिवाय पोरांची फिल्म काय संपत नाही. पहिलीत तात्या गेले, तेव्हा बायकांनी डोळे पुसले. दुसरीतही गेले. तिसरीत ते नुसते खोकले, तोवर मागनं कोणतरी ओरडलं, "निघालं बघा तात्या!" सगळा हॉल हसला. तात्या पहिल्या रांगेत, गंभीर.

शेवटची फिल्म सायलीची. पोरगी आधीच रडवेली. पडद्यावर तात्या खाटेवर उठून बसले, "च्या टाक की गं" म्हणाले, आणि लॅपटॉप बंद पडला. लोकांना वाटलं, संपली. बाप वाचला म्हणून शिट्ट्या काय, टाळ्या काय! परीक्षकांनी तिथंच पहिला नंबर देऊन टाकला.

सायली माझ्या कानाशी आली. "सर, अजून मरायचेत ते."

म्हटलं, "गप बस बाई, आता मला सोसत न्हाय."

बक्षिसं वाटून खुर्चीत टेकलो, तर समोर तात्या. डोळ्यांत पाणी.

"सर, सगळ्यांत झ्याक मी हिच्यात मेलोय. आणि नेमकं तेवढंच न्हाय दाखवलासा?"