घोट्यातला करंट

२००९ साली शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात मी माझा गुडघा घेऊन बसलो होतो. कागलचे जोतीराम आणि धोंडुबाई, नवरा-बायको, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आणि शेजारी टेकले. जोतीरामनं विचारलं,

“घोट्याजवळ सुई टोचून करंट देनार, आनि त्यानं परसाकडंची घाई आवरायला येनार?”

“शीर तिथनं वर जाती म्हनं. आठवड्याला अर्धा तास, असं बारा आठवडं. सगळ्यांस्नी गुण येत न्हाई, ते बी सांगितलं की.”

“आनि हे आपल्या मोनाच्या येळच्या बाळंतपणापासनं हाय?”

“व्हय.”

“मोना अकरा वर्षांची हाय, धोंडे.”

“हळू बोला. पावणं ऐकाय लागल्यात.”

“म्हंजे भाऊबीजेला तू भावाकडं बिद्रीला जात न्हवतीस, ते ह्यापायी?”

“तासभर एसटीत कशी बसू?”

“मला वाटलं, सर्जेरावनं तुझा अपमान केलाय.”

“वाटू दिलं. हे सांगण्यापरास ते बरं.”

“अगं, भर बाजारात त्याची कॉलर धरली मी.”

“माझ्या भावाची?”

“सहा वर्षं झाली.”

“हे मला न्हाई सांगितलंत?”

“तू तरी काय सांगितलंस?”

मी गुडघा चोळला.

“गुण आला, तर ह्या भाऊबीजेला जाईन. पन आधी तुमी जाऊन माफी मागा. माझं दुखणं काढू नगासा.”

“मग कॉलर कशापायी धरली म्हनून सांगू?”

“डोकं फिरलं हुतं म्हना.”

“आनि कशानं फिरलं, असं त्यानं इचारलं तर?”

“तुमचं डोकं म्हटल्यावर कोन इचारतंय.”