मीठ घातलेला बर्फ

दत्ताराम : हात लावू नकोस गो तिला. पेटी उघडायची पण एक रीत असते. आधी वरचा बर्फ बाजूला सारायचा, मग कोंडा, मग...

प्रभावती : अहो, राहू दे मग. एवढं असेल तर उघडताच कशाला?

दत्ताराम : कशाला म्हणजे? तुझ्या सुईची वेळ झाली. इन्शुलिन म्हणजे काय बडीशेप, आठवलं की तोंडात टाकली?

प्रभावती : मी बघते माझं. तुम्ही जहाजाच्या वरच्या मजल्यावर जाऊन जरा वारा खाऊन या.

दत्ताराम : वारा! चाळीस वर्षं मी दुसरं काय खाल्लं? सकाळी कोचीच्या हॉटेलातही तू हेच म्हणालीस, मी बघते माझं. मी बंदरावरून बर्फ घेऊन परततो, तर तू सुई टोचून, आंघोळ करून, माळ ओढत बसलेली.

प्रभावती : तुम्हांला उशीर झाला.

दत्ताराम : होणारच. मला मल्याळी येत नाही, बर्फवाल्याला कोंकणी येत नाही. शेवटी दोघांनी मिळून एक मेलेला पेडवा मासा हातात धरला आणि त्याच्यावर सौदा केला. हॉटेलवाला सांगत होता, आमच्या फ्रीजात ठेवा. मी त्याला कोपरापासून हात जोडले. गोवा राज्य झालं त्या वर्षी आपण फ्रीज घेतला. राज्य अजून चालू आहे. फ्रीज?

प्रभावती : फ्रीज आहे की. तुम्ही त्यात जाळी ठेवता.

दत्ताराम : तेच सांगतो! वीज आज आहे, उद्या नाही. बर्फ कधी दगा देत नाही. आपल्या चोपडे गावाहून माझी सुरमई घाट चढून बेळगावला जाते, तरी तिचा डोळा कसा, नव्या नवरीसारखा लखलखीत!

प्रभावती : पण सुरमई कोणी टोचून घेत नाही.

दत्ताराम : तू हस. दाबोळीच्या विमानतळावर तो पोलीस कसा चक्रावला ते बघितलंस ना? पेटीचं झाकण काढलं मात्र, दोन पावलं मागे!

प्रभावती : बघितलं. त्यानं माझ्या कुंडीतल्या तुळशीला हात जोडले आणि तुमच्या पेटीला नाक धरलं.

दत्ताराम : नाक कशाला धरेल? तीनदा धुतली मी. राखेनं, लिंबानं, वर तुझ्या पूजेचा कापूर जाळला आत.

प्रभावती : म्हणून विमानात तसा वास येत होता. वरच्या फळीवर ठेवलेल्या पेटीतून पांढऱ्या सफारीवाल्याच्या टकलावर पहिला थेंब पडला तेव्हा त्यानं नुसतं वर बघितलं. दुसरा पडल्यावर बोटाने पुसून हुंगला. मग जेवण वाढणाऱ्या पोरीला विचारतो, आज जेवणात मासळी आहे काय हो, आणि तीही आरती केलेली?

दत्ताराम : तुझं तोंड म्हणजे... माळ ओढून ओढून ह्या तोंडाला वळण कसं लागलं नाही?

प्रभावती : देवाला सवय झाली आहे. तुम्हांलाच होत नाही.

कमलाक्षी : काय चाललंय हो? दार उघडं टाकून भांडताय, सगळ्या जहाजाला वाटतंय खाली कोणी रापणीचं जाळं ओढतंय.

दत्ताराम : या या, सिस्टर! बरोबर वेळेवर आलात. तुम्ही डिचोलीत तीस वर्षं नर्स होतात, आता तुम्हीच सांगा. औषध गार ठेवायचं म्हणजे कसं, ते इकडे येऊन बघा.

कमलाक्षी : देवा रे. ह्या पेटीत औषध आहे? मला वाटलं तुमचा जेवणाचा डबा.

दत्ताराम : दोन बाटल्या. खाली बर्फ, वर बर्फ, चारी बाजूंनी बर्फ. आणि नुसता बर्फ नाही. तो सगळेच घालतात. त्यात खडेमीठ! मीठ घातलं की बर्फ कडक राहतो, वितळायला तयारच होत नाही. हे आमच्या धंद्यातलं गुपित, कोणाला सांगू नका.

कमलाक्षी : मीठ घातलंत?

दत्ताराम : दोन ओंजळी. कोचीत परत दोन.

कमलाक्षी : दत्ताराम बाब, त्यातली एक बाटली इकडे द्या. आता हलवून दाखवा मला.

दत्ताराम : हलवतो की. ही बघा... हलत नाही.

कमलाक्षी : का हलत नाही?

दत्ताराम : गारठली असेल थोडी.

कमलाक्षी : गारठली? दगड झालाय तिचा. दुसरी बघा.

दत्ताराम : ही पण... थांबा, थांबा, घाबरण्यासारखं काही नाही. चहाच्या कोपात गरम पाणी घेतो, त्यात ठेवतो. पाच मिनिटांत पाणी होतं की नाही बघा.

कमलाक्षी : पाणीच होईल. औषध व्हायचं नाही. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळवलं तरी मेलेलंच. उकडलेलं अंडं कोंबडीखाली ठेवून पिल्लू काढलंय कधी तुम्ही?

दत्ताराम : पण गार ठेवा म्हणून डॉक्टरच म्हणाले होते!

कमलाक्षी : गार म्हणजे माठातल्या पाण्याएवढं गार. मिठानं बर्फ आणखी गार होतो, तुम्ही त्याचा बांगडा केलात.

दत्ताराम : दोन्ही मेल्या? म्हणजे एकही... प्रभा. प्रभा, बस तू. उभी राहू नकोस. चक्कर येते का?

प्रभावती : मला काही होत नाहीये. तुम्ही बसा. तुमचाच चेहरा सुरमईसारखा झालाय.

दत्ताराम : सिस्टर, ह्या जहाजावर दवाखाना आहे ना? डॉक्टर आहे ना?

कमलाक्षी : आहे. चढल्याबरोबर मी जाऊन बघून आले, खोड जात नाही. ओकारीच्या गोळ्या आहेत, पट्ट्या आहेत, एक डॉक्टर आहे. पण इन्शुलिन नाही. मी विचारलं होतं, आमच्या टूरमध्ये एक बाई आहे म्हणून. तो म्हणाला, त्यांनी आपलं आपण आणलं असेलच.

दत्ताराम : आणलं होतं! आणलं होतं हो!

कमलाक्षी : उद्या सकाळी पहिलं बेट लागेल, तिथं इस्पितळ आहे. पण आज रात्रीचा डोस गेला आणि साखर चढली तर तो डॉक्टर धोका घेणार नाही. त्याला सांगायलाच हवं. आणि सांगितलं की तो हिला खोलीत आडवी करणार, आणि उद्या बेटावर उतरवून घरी परत.

दत्ताराम : करू दे. मी आत्ताच जातो. कप्तानाला सांगतो, जहाज फिरव. सुटून तासच झालाय, कोची अजून दिसत असेल.

प्रभावती : दिसतेय का अजून?

दत्ताराम : काय?

प्रभावती : जमीन. ह्या जनेलातून नुसतं पाणी दिसतं. वरून जमीन दिसते का अजून?

कमलाक्षी : एक काळी रेघ आहे. थोड्या वेळात तीही जाईल.

प्रभावती : मग कोणी कोणाला काही सांगू नका. मला वर जायचंय.

दत्ताराम : तुला वेड लागलंय? इथं जीव टांगणीला आणि तुला रेघ बघायची आहे?

प्रभावती : रेघ नाही बघायची. रेघ नसताना बघायचंय. लग्न होऊन आले त्या वर्षी मी तुम्हांला म्हटलं होतं, एकदा तुमच्या होडीतून न्या, जमीन दिसेनाशी होते तिथपर्यंत. तुम्ही काय म्हणालात?

दत्ताराम : आता ते कशाला?

प्रभावती : सिस्टरना सांगा की.

दत्ताराम : सिस्टर, आमच्यात बायकांनी होडीत पाय ठेवायचा नसतो. मासा पळतो. मी नाही केला हा नेम, माझ्या बापाच्या बापापासून आहे.

कमलाक्षी : मासा पळतो! तीस वर्षं मी बायांची बाळंतपणं केली, एकदाही कोणाला बघून मासा पळाला नाही. उलट पुरुष पळाले.

दत्ताराम : म्हणून तर आणली ना आता! ह्या जहाजात जाळं नाही, मासा नाही. धंदा पोराच्या हातात दिला आणि पहिलं काम हेच केलं. विमानाचं तिकीट, जहाजाचं तिकीट, आणि औषधाची जबाबदारी मी घेतो म्हटलं, कारण बर्फातलं मला कळतं... मला कळतं, म्हणे! उद्या तुला बेटावर झोपवून नेतील, आणि ते माझ्यामुळे.

प्रभावती : रडू नका. सिस्टर बघतायत.

दत्ताराम : मिठाचं पाणी आहे ते. पेटीतलं उडालं.

प्रभावती : बरं. ती कुंडी इकडे द्या.

दत्ताराम : कसली कुंडी?

प्रभावती : माझ्या तुळशीची. जनेलाखाली ठेवली आहे.

दत्ताराम : आता पूजा? प्रभा, तुझी भक्ती मला मान्य आहे, पण गोठलेलं औषध तुळशीलाही जिवंत करता यायचं नाही.

प्रभावती : द्या तर खरी. सिस्टर, जरा हा पेपर पसरा खाली, माती सांडेल.

कमलाक्षी : ही मुळाशी काय उकरते आहे? ...अगो बाये! ही बाटली!

दत्ताराम : कसली बाटली?

कमलाक्षी : इन्शुलिनची! प्लास्टिकच्या पिशवीत, वर मऊ फडका. तुळशीच्या मुळाशी पुरली होती तुमच्या बायकोनं!

दत्ताराम : तू... तू चोरून आणलीस? म्हणजे तुला ठाऊक होतं, माझा बर्फ जास्त होणार?

प्रभावती : मला काय ठाऊक बर्फाचं? ते तुमचं खातं. मला एवढंच ठाऊक, की हा कार्तिक आहे.

दत्ताराम : कार्तिकाचा आणि औषधाचा काय संबंध?

प्रभावती : कार्तिकात मी मासळीला शिवत नाही. घरात तुम्ही तळता तेव्हा मी अंगणात जेवते. आणि ज्या पेटीतून तुमचे बांगडे बेळगाव फिरून आले, त्या पेटीतलं पाणी लागलेली बाटली मी पोटात टोचून घेऊ? उपास मोडेल तो कोणाचा, माझा की बांगड्याचा?

कमलाक्षी : आणि आतलं औषध कशापासून करतात ते ठाऊक आहे? हे जुन्या जातीचं आहे, हे तर डुकराच्या...

प्रभावती : डॉक्टरांनी सांगितलंय. औषधाला विटाळ नसतो. पेटीला असतो.

कमलाक्षी : हे कुठल्या पोथीत आहे?

प्रभावती : माझ्या. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी एक बाटली काढून ठेवली. तुळस बरोबर घ्यायचीच होती. महिनाभर रोज पाणी घालायचा नेम आहे, बारशीला तिचं लग्न लावायचं, तोवर तिला एकटी कशी ठेवू? मनात आलं, हिच्याच पायाशी ठेवू. मातीची कुंडी, रोजचं पाणी. गार म्हणजे किती गार ते मला काय माहीत. शुद्ध राहील एवढं माहीत होतं.

दत्ताराम : मग मला का नाही सांगितलंस? गोव्यापासून इथपर्यंत ती पेटी मी पोरासारखी कडेवर वाहिली!

प्रभावती : तुम्ही किती हौसेनं भरत होता. मीठ घालताना गाणं म्हणत होता. माझ्यानं सांगवलं नाही.

दत्ताराम : आणि सकाळी हॉटेलात?

प्रभावती : हिच्यातलीच. म्हणून तर तुम्हांला बर्फाला जाऊ दिलं.

कमलाक्षी : तुमचं नवरा-बायकोचं नंतर. आधी मला ती दिव्याखाली धरू दे. एवढ्यावर सगळं आहे. गढूळ दिसली, दोरा दिसला, तर मी सरळ डॉक्टरकडे जाणार, मग तू रड नाहीतर शाप दे.

प्रभावती : बघा.

दत्ताराम : काय दिसतं?

कमलाक्षी : गप्प राहा जरा.

दत्ताराम : सिस्टर, काय दिसतं हो?

कमलाक्षी : तुमचं नाक दिसतं पलीकडे. बाजूला व्हा. ...स्वच्छ आहे. पाण्यासारखं. एक कण नाही. हात लावून बघा बाटलीला, कशी माठासारखी गार आहे.

दत्ताराम : माठासारखी. म्हणजे मला काही करायचंच नव्हतं... फक्त मातीचं भांडं...

कमलाक्षी : फक्त मातीचं भांडं. तुझा नेम म्हणून टिकली, तुझी अक्कल म्हणून नव्हे, हेही लक्षात ठेव हो प्रभावतीबाय. परत असा जुगार खेळू नकोस. आधी मला विचार. आता पोट पुढे कर. आणि टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायचं. रेघ बघत उपाशी उभी राहिलीस तर मीच तुला समुद्रात ढकलीन.

प्रभावती : भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी आहे डब्यात. वरच जेवते.

दत्ताराम : आणि ह्या पेटीचं काय करू?

कमलाक्षी : स्वयंपाकघरात द्या. त्यांच्या मासळीला उपयोगी पडेल. गुपित सांगू नका पण.

(जहाजाचा वरचा मजला. उजेड अजून पुरता गेलेला नाही. दत्तारामच्या हातात तुळशीची कुंडी.)

दत्ताराम : जेवलीस सगळं?

प्रभावती : जेवले. सिस्टरनी डबा उलटा करून बघितला.

दत्ताराम : मग आता बघ. चारी बाजूंना बघ. सांग काय दिसतं.

प्रभावती : काही नाही.

दत्ताराम : हेच ते. मी रोज इथं यायचो. इथं काही नसतं, तेच तुला सांगत होतो इतकी वर्षं.

प्रभावती : तुम्ही रोज एवढं बघायचात आणि घरी येऊन सांगायचात, आज पापलेट बरं मिळालं.

दत्ताराम : सांगण्यासारखं ह्यात काय आहे?

(प्रभावती पदर अंगाभोवती घेऊन कठड्याशी जाते.)

दत्ताराम : प्रभा? थंडी वाजते?

प्रभावती : नाही. माझे सगळे नेम मी धरले. हा एक तुमचा होता, तोही मीच पाळला. होडीत पाय न ठेवायचा.

दत्ताराम : आज मोडला म्हणायचा मग.

प्रभावती : मोडला कशाला? उद्यापन झालं.

दत्ताराम : मासा पळाला असेल सगळा.

प्रभावती : पळू दे. कार्तिक आहे. कुंडी नीट धरा, वारा सुटलाय. एका हातानं नाही, दोन्ही हातांनी.