नापास होईपर्यंत

आणि यंदाही पास! तुम्हाला सांगतो, सातवी, म्हणजे फायनल, जिथं भल्याभल्यांची पोरं आपटतात, तिथं आमची तानी पहिल्या दहांत. लोक मला पेढे मागतात. अरे पेढे कसले मागता, माझी काय दशा झालीय ती बघा... नापास काय होत नाही ही पोरगी!

तसं नाही हो, बाप आहे मी, वैरी नाही. पण आधी ऐका. सात वर्षांमागं माझा नि तुळशीचा काडीमोड झाला. खरवईला, तिच्या माहेरी, पंचांपुढं. भांडण कशावरून? आता आठवतही नाही, दोघंही तापट, एवढं पुरे. मोडायला गवताची काडी हवी, तर पावसात सगळं गवत ओलं, मोडतच नाही, नुसतं वाकतं. शेवटी मीच खिशातून काडेपेटी काढली. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात कामाला आहे मी, काडीला काय तोटा! कट्‌कन मोडली. संपलं म्हटलं. तर आमचे मुख्य पंच धोंडीबाबा खाकरून म्हणतात, "हिरामण, बायको सुटली. पोर नाय सुटत. तानीच्या शाळेचं काय?"

तेव्हा ती पहिलीत. आणि मला सुचली अक्कल... म्हटलं, "बाबा, शाळेचा सगळा खर्च माझा. पण नापास झाली की त्या दिवशी बंद." पंच खूश, सुपारी फुटली, आणि फुटलेली सुपारी काय परत सांधता येते? आमच्या घराण्यात तिसरीच्या पुढं कोण गेलंय? आजा नाही, बाप नाही, मी नाही. म्हटलं, फार तर तीन वर्षं!

तिसरी पास. चौथी पास. पाचवीला म्हटलं, आता गणित अवघड आहे, आता बसेल... कसली बसते! दर जूनला मी आपला उल्हासनगरला, कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडं, वह्या, दौत, टाक, भूगोलाचा नकाशा. तो म्हणतो, "साईं, लडकी पास हो गई, मुँह क्यों लटकाया?" म्हटलं, "शेठ, तुम नहीं समझेगा." नापास काय होत नाही ही पोरगी!

तर गेल्या महिन्यात तुळशीचा निरोप, पंच बोलावलेत, ये. गेलो. तुळशी म्हणते, "वांगणीचं स्थळ आलंय. पोर चौदाची झाली, उजवून टाकू. शाळा बस झाली. तूही सुटलास."

सुटलास... सात वर्षं ह्या शब्दाची वाट पाहिली हो मी. तोंड उघडलं हो म्हणायला. आणि इतका वेळ दाराआड उभी असलेली तानी बाहेर आली, माझ्याकडं बघून हळूच विचारते, "आबा, मी नापास झाले का?"

रडत नव्हती, काही मागत नव्हती, नुसतं विचारत होती. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. नापास झालो की शाळा गेली, हे त्या लेकराला पहिलीपासून ठाऊक होतं. सात वर्षं ती त्या धाकानं अभ्यास करत होती, आणि मी तिच्या नापास होण्याची वाट बघत होतो. लाज वाटली हो मला.

म्हटलं, "धोंडीबाबा, बोली काय होती? नापास होईपर्यंत. झाली का ती नापास?"

"नाय."

"मग शाळा बंद कशी? पंचच बोली मोडणार?"

धोंडीबाबा डोकं खाजवतात, "अरे येड्या, तुझाच खर्च वाचत होता." तुळशी माझ्याकडं बघतच राहिली. मग स्थळाला नकार तिनंच धाडला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला चहा दिला. गुळाचा, पण दिला.

आता आठवी, इंग्रजी सुरू. आणि कन्या म्हणते, डॉक्टर व्हायचंय. मास्तरांना विचारलं, किती वर्षं? म्हणाले, "पास होत गेली तर अकरा." होत गेली तर, म्हणे... मास्तर, नापास काय होत नाही ही पोरगी!

आता मी सेहेचाळीस, आणि कारखान्यातून पंचावन्नाव्या वर्षी घरी पाठवतात. काल सरळ साहेबापुढं उभा राहिलो. म्हटलं, दोन वर्षं कमी पडताहेत, तेवढी वाढवून द्या. साहेब हसले, "अरे, लोक लवकर सुटायला बघतात. तुला सुटायचं नाही?"

म्हटलं, "साहेब, मी आता कसला सुटतोय..."