हंबीररावांनी रिव्हॉल्व्हर निवडलं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही हात पुसून घ्या, आता काम कानांचं आहे. मला एक सांगा — घर राखायचं, घर राखायचं, म्हणतो आपण. राखायचं म्हणजे नक्की कुणाला? भिंतींना? कपाटाला? लगेच उत्तर देऊ नका. एका माणसानं घाईनं उत्तर दिलं होतं, त्याचीच ही गोष्ट. ऐका.

गुऱ्हाळवाले हंबीरराव चौगुले. नाव हंबीरराव, पण मांजर आडवं गेलं तर घरी परतून, चहा घेऊन मग निघणारा माणूस. वाईट नव्हे हो! कष्टाळू, शब्दाचा पक्का. फक्त भित्रा. घर गावापासून लांब, उसाच्या मळ्यात. अशात शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला. नवरा-बायकोला खांबाला बांधलं आणि घर धुऊन नेलं. झालं! बाहेर ऊस सळसळला की हंबीरराव अंथरुणात उठून बसायचे. आता उसाच्या मळ्यात राहून उसाच्या आवाजाला भ्यायचं म्हणजे झोपेचा विषयच संपला.

त्यांनी ठरवलं, शस्त्र घ्यायचं. परवान्याचा अर्ज केला, पोलीस येऊन चौकशी करून गेले, साहेबांनी समोर बसवून प्रश्न विचारले, चपला झिजल्या, आणि एकदाचा परवाना मिळाला. मग गेले शहरातल्या दुकानात.

पहिल्यांदा बोट दाखवलं ते एका मोठ्या, चकचकीत पिस्तुलाकडं. आपण नवा फेटा निवडतो ना, तसंच! दुकानदार शांत माणूस. म्हणाला, ह्याचा वरचा भाग आधी मागं ओढून गोळी चढवावी लागते, सेफ्टीचा खटका काढावा लागतो, आणि भीतीनं हात कापत असला की बोटांना खटका सापडत नाही. हंबीरराव म्हणाले, हात तर आत्ताच कापताहेत. तेव्हा त्यानं एक रिव्हॉल्व्हर पुढं ठेवलं. लहान, काळं, खटक्याची भानगड नाही. रोखायचं आणि चाप ओढायचा. हंबीररावांना एकदम पसंत पडलं.

"म्हणजे कुणालाही चालवता येईल?"

"कुणालाही," दुकानदार म्हणाला. "तेच ध्यानात ठेवा. घरात कोण कोण असतं?"

"मी आणि बायको. दोघंच."

मंडळी, त्याच वेळी घरी, मागच्या सोप्यात, हंबीररावांचे वडील बाळकूनाना शेंगा फोडत बसले होते. नानांना ऐकू येत नाही, अगदी ढोल वाजवला तरी नाही. हंबीरराव खोटं बोलले नाहीत बरं का. विसरले! नानांचे कान गेले तसं यांनी बोलणं कमी केलं. ओरडून बोलायचा कंटाळा. मग बोलणं बंदच झालं. आणि ज्याच्याशी बोलणं बंद होतं, तो माणूस मोजायचा राहून जातो. पुढच्या रांगेतले, हसू नका. तुमचं पुढं येणार आहे.

दुकानदारानं बजावलं होतं, रिकामं ठेवा, कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा. हंबीररावांनी अगदी तसंच केलं. खंडेनवमीपर्यंत.

खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. कोयते, विळे धुऊन मांडले, गुऱ्हाळाच्या चरकाला हार घातला, आणि देवघरात पाटावर रिव्हॉल्व्हर ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि मग त्यांच्या मनात आलं — रिकामं कसं पुजायचं? आपल्यात शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. सवाष्ण रिकाम्या ओटीनं जात नाही. आणि शस्त्र रिकामं? देवाला काय वाटेल? बसले, सगळ्या गोळ्या भरल्या, आणि मनोभावे नमस्कार केला. बायको, शालनकाकी, म्हणाल्या, पूजा झाली, आता ते कपाटात ठेवा. हे म्हणाले, मांडलेली पूजा दिवसभर हलवायची नसते. शास्त्र सांगितलं! एरवी वर्षभर देवघराकडं न फिरकणारा माणूस.

तिन्हीसांजेला काकी धार काढायला गोठ्यात गेल्या. हंबीरराव अंगणात बसले होते. वीज गेली, घरात अंधार झाला, आणि देवघरात भांडं वाजलं.

त्यांनी विचारलं, कोण आहे? उत्तर नाही. मोठ्यानं विचारलं. उत्तर नाही. आणि मग ध्यानात आलं. चोर आत आहे. रिव्हॉल्व्हर आत आहे. आणि ते भरलंय कुणी? आपणच!

दाराशी पूजेचा कोयता होता, तो उचलून अनवाणी उंबऱ्यापर्यंत गेले. दारातून येणाऱ्या संधिप्रकाशात आत कुणीतरी वाकलेलं दिसलं, पाठमोरं. त्यानं पाटावरचं रिव्हॉल्व्हर उचललं आणि काखेत धरलं. मान हाताच्या अंतरावर होती. हंबीररावांनी कोयता वर केला. आता फक्त घाव घालायचा राहिला होता.

तेवढ्यात काडी ओढल्याचा आवाज झाला.

अहो, चोर कधी देवापुढं दिवा लावतो का? समई पेटली, आणि उजेडात ती मान दिसली. नानांची. रोज तिन्हीसांजेला दिवा नानाच लावायचे. हंबीरराव त्या वेळी गुऱ्हाळावर असायचे. आपल्या घरात दिवा कोण लावतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

कोयता हातातून गळून पडला. आवाज नानांना कुठला जातोय? पण पायाखाली फरशी हादरली, तसे ते वळले. काखेतलं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, बोट नेमकं चापावर, आणि नळी लेकाच्या पोटाकडं.

"हे तुझं उचल हितनं," नाना म्हणाले. "समईच्या वाटेत येतंय." आणि द्यायला हात पुढं केला.

आता काय करायचं, सांगा! ओरडावं तर ऐकू येत नाही. झेप घ्यावी तर म्हातारा दचकेल. खटका तर नाहीच. कुणालाही चालवता येईल असंच हवं होतं ना? पारखून आणलेलं! हंबीररावांना काही म्हणजे काही सुचेना. मग घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. समईकडं बघितलं आणि हात जोडले.

नानांनी लेकाकडं बघितलं. मग दिव्याकडं. दिव्याला हात जोडायचे तर हात मोकळे हवेत. त्यांनी रिव्हॉल्व्हर सावकाश पाटावर ठेवलं, त्या फुलाशेजारी, आणि लेकाच्या शेजारी उभं राहून हात जोडले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"आलास व्हय दिव्याला," नाना म्हणाले. "लई दिसांनी."

हंबीरराव तिथंच खाली बसले आणि नानांचे पाय धरून रडले. नानांना वाटलं, सणाचा नमस्कार करतोय. त्यांनी आशीर्वाद दिला.

दसरा झाल्यावर हंबीरराव पुन्हा दुकानात गेले आणि रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. काही बिघडलं का, दुकानदारानं विचारलं.

"ह्यात बिघाड नाही," हंबीरराव म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं, घरात कोण कोण असतं. माझं उत्तर चुकलं होतं. आम्ही तिघं आहोत."

दुकानदारानं रीतसर कागद करून शस्त्र ठेवून घेतलं. भीती गेली का म्हणाल, तर नाही. ऊस अजून सळसळतो, हंबीरराव अजून उठून बसतात. पण आता ते मागच्या सोप्यात झोपतात, आणि उठून बसले की शेजारी नानांचं घोरणं ऐकू येतं. मग परत आडवे होतात.

मी शस्त्राला नावं ठेवत नाही, मंडळी. देवांच्या हातातही शस्त्रं आहेत, त्यांना मी काय शिकवणार? पण आज घरी जाताना वाटेत कुणी विचारलं, घरात कोण कोण असतं, तर पटकन बोलू नका. आधी आपल्या मागच्या सोप्यात डोकावून या. आता टाळ घ्या, आणि देवाचं नाव घ्या. जरा मोठ्यानं घ्या — मागं भिंतीला टेकून बसलेत ना, त्यांना ऐकू कमी येतं.